आईचा दगड आणि भावोजींचे साडेतीनशे पौंड

लेस्टेर, कॅरियाकू बेट
मार्चचा पहिला सोमवार

तीर्थरूप एल्मीनाताईस,

धाकटा भाऊ कॅन्यूट याचा नमस्कार. (गुडघे धरले आहेत, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, दोन शेळ्या आणि शेजारची म्हातारी मावशी, तांती झेल्मा, जी झोपायला तेवढी आपल्या घरी जाते आणि बाकीचा वेळ आमच्या ओट्यावर बसून माझं कसं चुकतं आहे ते सांगते. तुझी कंबर कशी आहे? जायफळाचं तेल पाठवलं होतं ते चोळतेस, की कपाटात ठेवून नुसता वास घेतेस? भावोजींनाही माझा नमस्कार. त्यांची प्रकृती, त्यांचा चष्मा आणि त्यांची हिशेबाची पेन्सिल ही तिन्ही ठणठणीत असावीत. (माझी पत्रं ते चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे. भावोजी, चहाचा घोट इथेच घेऊन टाका, पुढे सवड मिळणार नाही.)

तुझं पत्र पोचलं. पत्र तुझं म्हणायचं, पण अक्षर भावोजींचं आणि भाषा त्यांच्या बस डेपोतल्या नोटिशीची. 'दोन माणसे. चौदा दिवस. विमानाचे तिकीट वेगळे. राहणे, खाणे, फिरणे, औषधपाणी व किरकोळ मिळून साडेतीनशे पौंड. भेटवस्तू : शून्य. याहून एक पेनी जास्त लागत असल्यास आम्ही दरवर्षीप्रमाणे इथेच स्कारबरोच्या किनाऱ्यावर जाऊ.' आणि पानाच्या पार खालच्या कोपऱ्यात तुझ्या हातचे दोनच शब्द, 'कॅन्यूट, जमव.' ताई, ते वाचून मला चष्मा पुसावा लागला. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा तुला विलायतेहून येणं परवडलं नाही, आणि तू धुलाईघरात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करत रडलीस हे तू कधी लिहिलं नाहीस तरी मला कळलं. आता आईच्या कबरीचा दगड तयार आहे. थोरल्या लेकीचा हात लागल्याशिवाय आपल्याकडे दगड उभा राहत नाही, हे भावोजींना कळायचं नाही (ते पडले बार्बेडोसचे, त्यांच्याकडे मोठ्या बेटाची मोठी घाई), पण तुला कळतं. तेव्हा जमवायचं असं मी ठरवलं आहे. साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे.

भावोजी पहिलाच प्रश्न विचारतील की स्वतःचं घर असताना राहण्याचा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की पाहुण्यांच्या खोलीत दगड झोपला आहे. त्याचं झालं असं, की तुरी काढून झाल्या आणि रिवाजाप्रमाणे गावाने जनावरं मोकळी सोडली. दगड पडवीला टेकवून ठेवला होता. सकाळी दार उघडतो तर कोणाचा तरी बोकड त्यावर चढून चौफेर देखरेख करतो आहे. आईच्या दगडावर! जिने जन्मभर एका बोकडाला परसात पाय ठेवू दिला नाही, तिच्या! चार माणसं हाका मारून आणली आणि दगड आत घेतला. भिंतीला टेकवला, तर तांती झेल्मा म्हणाली, "अरे मेल्या, आईला कोपऱ्यात उभी करतोस? शाळेत गणित चुकलं का तिचं?" म्हणून मग पलंगावर आडवा केला, वर पांढरी चादर घातली आणि डोक्याशी उशी दिली (उशी तांतीने आणली, मला विचारू नकोस). आता एकदा निजवलेला दगड उठवायचा तो थेट कबरीवर न्यायलाच. उभा करायला तू हवीस, तुला यायला खोली हवी, आणि खोलीत दगड. मी ओट्यावर बसून हे सगळीकडून मांडून पाहिलं, दर वेळी पलंगापाशीच येऊन अडकलो.

मग मी इस्त्रीचा सदरा घातला आणि हिल्सबरोला, जेटीजवळ मिस फिलोमेनच्या पाहुणेघरात गेलो. (तीच, तुझ्या बाकावर बसून तुझी पेन्सिल चावणारी. आता तिच्या चार खोल्या आहेत, दोन संडास आहेत आणि वागण्यात राज्यपालीण आहे.) एल्मीना येते आहे म्हटल्यावर तिने मला मिठी मारली. चौदा दिवसांचं भाडं किती म्हटल्यावर मिठी सोडली.

"भाडं? एल्मीनाकडून? कॅन्यूट, तू सकाळी सकाळी घेऊन आलास का?"

मी म्हटलं, घेतलेली नाही, मला आकडा पाहिजे, भावोजींना आकड्याशिवाय चैन पडत नाही.

"आणि खोली तरी कशी देऊ? भाऊ जिवंत असताना बहीण भाड्याच्या खोलीत! लोक म्हणतील कॅन्यूटने हाकलली आणि फिलोमेनने त्यात कमाई केली. मला अजून या गावात चर्चला जायचंय." मी निघालो तशी दारातून ओरडली, "आणि येताना तिला जाळीचे पडदे आणायला सांग. पांढरे. आठ खिडक्या आहेत!"

तिथून बसवाल्या केल्सोकडे. केल्सो बसच्या पोटाखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी पायांना विचारलं की धावपट्टीपासून लेस्टेर आणि पुढे दोन आठवडे इकडे-तिकडे, काय घेशील? पाय म्हणाले, "एल्मीनाताईकडून घेऊ? तिने मला अंगाखांद्यावर खेळवलंय! एक डॉलर घेतला तर हात झडतील माझे." मग थोडा वेळ हातोडीचा आवाज आला आणि पाय पुन्हा म्हणाले, "तिकडे या गाडीची क्लच प्लेट स्वस्त मिळते म्हणतात." मासेवाल्याने मासे फुकट देऊ केले आणि नायलॉनची दोरी मागितली. पाववालीने पाव फुकट देऊ केला आणि तिच्या मुलीच्या लग्नासाठी बूट मागितले, वर पायाचं माप म्हणून एक सुतळी माझ्या खिशात कोंबली. संध्याकाळपर्यंत माझा खिसा सुतळ्यांनी भरला आणि भावोजींच्या कागदावर एकही आकडा पडला नाही. हिशेब मांडायचा तर काय मांडायचं, खर्च शून्य आणि सामान एक गलबत? पत्राच्या तिसऱ्याच ओळीत भावोजींनी 'भेटवस्तू : शून्य' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ते कागद घडी घालून सरळ स्कारबरोचं तिकीट काढतील. (भावोजी, तुम्ही मान हलवता आहात. हलवू नका, ऐका.)

मी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी टोपी बदलली आणि पुन्हा फेरी काढली. या वेळी म्हणालो, एक इंग्रज जोडपं येणार आहे, यॉर्कशायरचं, माझ्या ओळखीच्या ओळखीचं, त्यांना दर हवेत. ताई, काय सांगू! आकडे असे बाहेर पडले की मला लिहिताना दम लागला. मिस फिलोमेनने रात्रीचे ऐंशी डॉलर सांगितले, नाश्ता वेगळा, पंखा वेगळा. काल माझ्याशी पायांनी बोलणारा केल्सो आज बसखालून बाहेर आला, हात पुसले आणि धावपट्टीपासून हिल्सबरोचे चाळीस डॉलर म्हणाला. मी म्हटलं, अरे, तिथून हिल्सबरो दिसतं! तर म्हणतो, "दिसणं वेगळं, पोचणं वेगळं. आणि मध्ये धावपट्टी ओलांडायची जोखीम." मासेवाला म्हणाला की इंग्रजांना लांबी शंखाचं मांस लागतं तसा त्याचा शिंपला पण लागतो, मांसाचे वेगळे आणि शिंपल्याचे वेगळे. सगळं मिळून बेरीज केली तर पाचशे पौंडांच्या वर गेली. त्या पैशात भावोजी स्कारबरोचा अर्धा किनारा विकत घेतील.

तरीही मी घासाघीस चालवली. मिस फिलोमेन सत्तरवर आली. इंग्रजांसाठी म्हणून तिने एक खोली गुलाबी रंगवायला काढली. सगळं नीट चाललं असतं, पण तिने शेवटी विचारलं, या लोकांना जेवायला काय द्यायचं? आणि मी, गाढव, बेसावध होतो. म्हणालो, फार काही नको, मक्याच्या पिठाचा घोटलेला कुकू आणि तुरीचे दाणे. आणि कुकूची भांड्याला लागलेली खरपूड तेवढी तिच्यासाठी काढून ठेव.

मिस फिलोमेनने रंगाचा ब्रश खाली ठेवला. "यॉर्कशायरची बाई खरपूड खाते?"

मी रंगाच्या डब्याचं झाकण शोधायला लागलो.

"खरपुडीसाठी भांडण करून माझी वेणी ओढणारी जगात एकच बाई आहे, कॅन्यूट!"

मग तिने मला जे ऐकवलं ते जेटीवर लागलेल्या गलबतातल्या लोकांनी उभं राहून ऐकलं. सख्ख्या बहिणीला इंग्रज केलंस, मला माझ्याच मैत्रिणीकडून सत्तर डॉलर घ्यायला लावत होतास, तुझ्या आईला काय वाटेल! मी घरी पोचायच्या आधी बातमी लेस्टेरला पोचली होती. केल्सोने बस थांबवली नाही, मला चालत यावं लागलं.

आणि आईला काय वाटलं तेही दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण आई तांती झेल्माच्या स्वप्नात आली. ताई, मला या गोष्टीचा मनापासून राग आहे. सहा वर्षांत आई माझ्या स्वप्नात एकदाही आलेली नाही. मी तिचा मुलगा, तिच्या दगडाला माझी चादर, माझा पलंग. पण काही सांगायचं झालं की ती कुंपण ओलांडून शेजारी जाते. तांती ओट्यावर बसून तूर सोलत सांगत होती, "निळा झगा घालून आली होती. म्हणाली, झेल्मा, त्या पोराला सांग, माझी लेक भाड्याच्या खोलीत निजायची असेल तर मी या पलंगावरून उठणार नाही." मी म्हटलं, तांती, ती उठत नाही म्हणूनच तर खोली भाड्याने घ्यायची पाळी आली! तांती म्हणाली, "ते तू तिला सांग." मी म्हटलं, कसं सांगू, येते तुझ्याकडे!

पण रागाच्या भरात माणसाला कधी कधी सुचतं. मी उठून खोलीत गेलो आणि चादरीखालच्या दगडाकडे बघत उभा राहिलो. आपण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की दगड उभा करून गावाला घालायचं ते दगडाचं जेवण तुमच्या सुट्टीच्या शेवटी. का? तर सगळ्यांचं तसंच असतं, आधी पाहुणे येतात, आठवडाभर रडारड होते, मग बोकड कापतात. पण तुम्ही शुक्रवारी उतरलात आणि शनिवारीच दगड उभा केला, तर शनिवारी संध्याकाळी पलंग मोकळा! मग उरलेल्या रात्री घरात आणि भाडं एकाच रात्रीचं. मी खोलीतच मोठ्याने हसलो. (आईसमोर हसलो, पण तिला राग आला नसावा.)

फक्त परवानगी हवी होती. मी मासेवाल्याकडून हाताएवढा तांबडा मासा घेतला, तांतीकडे नेऊन दिला आणि म्हटलं, आज आई आली तर एवढं विचार, शनिवार चालेल का. तांतीने माशाचे कल्ले उघडून बघितले आणि म्हणाली, "येईल असं वाटतंय." आणि आली! शनिवार चालेल म्हणाली. फक्त तिच्या नावाने मांडायच्या ताटातल्या तुरीत मीठ नको, दगडावर पाणी आधी आणि रम मागून, आणि जावयाला पुढच्या रांगेत बसवा, तिला तो नीट बघायचा आहे. (भावोजी, टाय आणा.) हे ऐकून मिस फिलोमेनही विरघळली. दगड निजलेल्या घरात लेकीने त्या रात्री निजू नये हे तिला पटलं, तेव्हा खोली द्यायला तयार झाली. तुझे पैसे घेणार नाही म्हणाली ते नाहीच. पण भावोजी परके, त्यांच्याकडून घेईन. म्हणजे अर्ध्या पलंगाचे पस्तीस डॉलर. तोच न्याय केल्सोने लावला, तू फुकट, भावोजींचं भाडं पूर्ण. सामान तुझं असेल तर फुकट, त्यांचं असेल तर पेटीमागे दोन डॉलर. तेव्हा ताई, वाटेत भावोजींच्या पेट्या तू उचल.

आता हिशेब. बोकड माझा आहे (तोच नव्हे, हा सालस आहे). मका, तूर, तांदूळ, कोंबड्या गाव आणणार, जसं आपण दुसऱ्यांच्या दगडाला नेतो तसं. पैसे लागतील ते ढोलकऱ्यांना, रमला, कबरीच्या पायाच्या सिमेंटला, भावोजींच्या अर्ध्या पलंगाला, त्यांच्या बसला, त्यांच्या बाटलीतल्या पाण्याला आणि त्यांच्या पित्ताच्या गोळ्यांना. पुढे दोन आठवडे घरचं जेवण, समुद्र दारात, त्याचं भाडं अजून कोणी सुरू केलेलं नाही. सगळं धरून, डॉलरचे पौंड करून, वर थोडं किरकोळ ठेवून तीनशे त्रेचाळीस होतात. सात पौंड उरतात. भावोजींनी त्यांची उन्हाची टोपी घ्यावी, कारण इथल्या उन्हात त्यांचं टक्कल हे वेगळं औषधपाणी ठरेल आणि त्यासाठी मी तरतूद केलेली नाही.

तर तिकीट काढा. एप्रिलचा शेवटचा शुक्रवार. त्यानंतर पाऊस कधीही येतो, लोक शेताकडे वळतात आणि मग बोकड पुन्हा बांधून ठेवायचे दिवस. मी ढोलकऱ्यांना शब्द दिला आहे आणि पाद्रीबाबांना सांगितलं आहे. न विचारता दिला, हो, दिला. भावोजींच्या कागदाला माझ्याकडून आता काही बाकी नाही.

प्रकृतीला जप. तुझी फार आठवण येते.

तुझा धाकटा भाऊ,
कॅन्यूट

ता.क. (भावोजी, तुमचं वाचन इथे संपलं. पुढचं बायकांच्या दुखण्याबद्दल आहे. पान ताईकडे द्या.) गेले का भावोजी? ऐक. पिंप. मोठं, निळं, झाकणाचं. आठ खिडक्यांचे पडदे, क्लच प्लेट, नायलॉनची दोरी, लग्नाचे बूट आणि सोबत पाठवलेल्या सुतळ्यांच्या मापाचे आणखी सहा जोड. तांतीला निळ्या झग्याचं कापड. मला वाटतं आईच्या अंगावर बघून तिला हवंसं झालं असावं. हे पिंप याच महिन्यात बोटीने पाठव. सुट्टीच्या आधी निघालं की ते सुट्टीच्या खर्चात धरता येत नाही. मी स्वतः तसं ठरवलं आहे.

ता.क. दुसरा. हे लिहीत असताना आतल्या खोलीत मोठा आवाज झाला. पलंग मोडला. दगड शाबूत आहे, चादरसुद्धा सरकली नाही, पण पाय चारही गेले. घाबरू नकोस. विंडवर्ड गावच्या होड्या बांधणाऱ्याला निरोप धाडला आहे, तो देवदाराचा नवा करून देईल, फुकट. पिंपात शेफील्डच्या पटाशांचा एक संच टाक.

ता.क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं. मिस्त्रीने दगड ओतला तो दिवस तुझ्या पत्राच्या तीन आठवडे आधीचा. अक्षरं ओल्या सिमेंटवरच खिळ्याने काढावी लागतात, आणि सिमेंट पोस्टाची वाट बघत नाही. त्याने आईचं नाव काढलं, साल काढलं, मग 'हा दगड उभा केला' एवढं लिहून माझ्याकडे बघत थांबला. तुम्ही याल की स्कारबरोला जाल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ऊन वाढत होतं, कडा पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. मी खिळा त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः लिहिलं, 'तिची लेक एल्मीना हिने, स्वतःच्या हाताने.' माझं नाव बसवायला जागा उरली नाही, आणि मी शोधलीही नाही. ते आता वाळलं आहे, ताई, पुसता येत नाही. तू ये.